लोखंडाला मज्जाव : अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेविषयी

अलिबागला समुद्रापासून जवळच एक सरकारी वास्तू आहे. १९०४ साली ती कामाला लागली. तिच्या मापनाच्या खोल्यांत लोखंड नाही. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, सगळे तांब्या-पितळेचे. भिंतींचा दगड कोकणातला नाही; तो पोरबंदरचा, तपासून, पारखून आणलेला. ही अलिबागची चुंबकीय वेधशाळा. तिचे वारसामूल्य कशात आहे, हे सांगताना त्या दगडापासूनच सुरुवात करावी लागते.

कोकणात दगडाला तोटा नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण हाताशी आहे, जांभा तर पायाखालीच. अलिबागच्या समोर पाण्यात उभा असलेला कुलाबा किल्ला, गावातला हिराकोट, आसपासची देवळे, तळ्यांचे घाट, सगळे इथल्याच दगडाचे. मग एका लहानशा सरकारी बांधकामासाठी काठेवाडातून दगड का आणला? कारण आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय आहे. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण विखुरलेले असतात. जांभ्याचा तांबडा रंगही लोहाच्या ऑक्साइडांचाच. ज्या खोलीत केसाएवढ्या बारीक धाग्याला टांगलेल्या चुंबकाची किंचितशी हालचाल टिपायची, तिच्या भिंती अशा दगडाच्या असतील तर चुंबक पृथ्वीचे ऐकेल की भिंतीचे, हा प्रश्न उभा राहतो. पोरबंदरचा फिकट रंगाचा दगड या बाबतीत निर्दोष ठरला. मुंबईतल्या अनेक भव्य इमारतींत हाच दगड दिसतो, पण तिथे तो मऊ आणि कोरीव कामाला सोपा म्हणून घेतला गेला. अलिबागेत कोरीव काम करायचेच नव्हते. दगडाने गप्प राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या काळ्या दगडाला वेधशाळेने दूर ठेवले, त्याच दगडाने पुढे पृथ्वीच्या चुंबकत्वाची फार जुनी साक्ष दिली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होत असताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून तसेच गोठले. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी या दगडांचे नमुने मोजले, तेव्हा असे दिसले की तो लाव्हा वाहिला तेव्हा भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. खंड सरकतात हे मानायला जग अजून बिचकत असताना हा पुरावा आपल्या सह्याद्रीच्या कड्यांनी पुरवला. एकाच जिल्ह्यात दगडातली कोट्यवधी वर्षांची नोंद आणि कागदावरची शतकभराची नोंद अशा दोन्ही सापडतात. ज्याला चुंबकत्व समजून घ्यायचे आहे, त्याने रायगड जिल्ह्यात यावे, असे मी बिनदिक्कत म्हणेन.

आता मूळ विषय. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी जुन्या सरकारी इमारती पुष्कळ असतात. कलेक्टर कचेरी, कोर्ट, खजिना, डाकबंगला, तुरुंग. कमानी, उंच जोती, रुंद पायऱ्या, पुढे व्हरांडा. सरकारचे वजन लोकांच्या मनावर पडावे हाही त्यांच्या बांधणीचा एक हेतू होता, आणि आज आपण त्यांचा वारसा म्हणून विचार करतो तो बहुतेक त्याच रूपाकडे बघून. वेधशाळेला असे रूप नाही. ती लोकांसाठी बांधलेलीच नव्हती. दर्शनी भाग सजवावा, उंची वाढवावी, नावाची मोठी पाटी लावावी, यातले काहीही तिच्या कामाला उपयोगी नव्हते. म्हणून अलिबागला सहलीला येणारा माणूस किल्ला बघतो, किनाऱ्यावर घोडागाडीत बसतो, आंग्र्यांच्या समाधीपाशी जाऊन येतो, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक असलेल्या या आवारावरून नुसता पुढे जातो. अलिबागच्या नावाने अडाणीपणाची थट्टा करणारा एक वाक्प्रयोग मुंबईत रूढ आहे. तो ऐकला की मला दर वेळी या आवाराची आठवण होते आणि वाईट वाटते.

या वास्तूची पूर्वपीठिका मुंबईत आहे. मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली, ती जहाजांना अचूक वेळ कळावी आणि आकाशातले वेध घेता यावेत म्हणून. १८३० नंतर युरोपात गाउस या गणितज्ञाच्या प्रेरणेने एक नवी कल्पना पसरली. पृथ्वीचे चुंबकत्व एका ठिकाणी मोजून समजत नाही. ते जगभर, एकाच वेळी, ठरलेल्या रीतीने मोजायला हवे. ब्रिटनने ती उचलून धरली. टोरांटो, सेंट हेलेना, केप, होबार्ट इथे वेधशाळा उभ्या राहिल्या. कंपनीच्या मुलखात मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही ठिकाणे निवडली गेली. यात शास्त्राची ओढ होती तशीच साम्राज्याची गरजही होती, कारण समुद्रावर होकायंत्राशिवाय गती नव्हती. इतर अनेक ठिकाणची कामे काही वर्षांत बंद पडली. मुंबईचे चालू राहिले.

१८४१ मध्ये कुलाब्याला चुंबकीय निरीक्षणे सुरू केली ती एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक आर्थर बेडफोर्ड ऑर्लेबार यांनी. त्या आरंभीच्या काळात दोन मराठी माणसे या कामाशी जोडलेली होती. एक बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभारही त्यांनी पाहिला होता. दुसरे केरूनाना छत्रे. ऑर्लेबार यांचे मदतनीस म्हणून ते वेधशाळेत लागले तेव्हा ते विशीच्याही आतले होते. पुढे पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली, लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून लोकांच्या आठवणीत राहिले. या केरूनानांचा जन्म नागावचा. नागाव अलिबागपासून हाकेच्या अंतरावर आहे. नागावचा एक मुलगा चुंबकाची सुई वाचायला मुंबईला गेला आणि साठएक वर्षांनी तेच काम मुंबई सोडून त्याच्या तालुक्याच्या गावी आले, हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळते. तरी अलिबागच्या शाळांतल्या मुलांना तो सांगितला जावा असे मला मनापासून वाटते.

चुंबकीय निरीक्षण म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगायला हवे. होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तरेपासून किती ढळते, ती क्षितिजाखाली किती झुकते आणि तिला खेचणारे बल किती आहे, या गोष्टी मोजायच्या. यातले काहीच स्थिर नसते. रोज सूर्य उगवतो, वरच्या वातावरणात विद्युतप्रवाह वाहू लागतात आणि सुई थोडी हलते. संध्याकाळी पूर्ववत होते. वर्षानुवर्षांत पृथ्वीच्या गाभ्यातले द्रवरूप लोह आपला प्रवाह बदलते आणि सगळेच आकडे हळूहळू सरकतात. आणि मधूनच सूर्यावरून द्रव्याचा मोठा लोट पृथ्वीकडे येतो, तेव्हा काही तासांत सुई अशी वेडीवाकडी वागते की त्या घटनेला चुंबकीय वादळ हेच नाव पडले आहे. अलिबागेत क्षैतिज दिशेचे बल सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे, आणि शास्त्रज्ञांना हवे असते त्यातले एका-एका नॅनोटेस्लाचे चढउतार. इतक्या बारकाईच्या कामात जवळ उभी केलेली मोटारसुद्धा नोंदीत उमटते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होते. डागांच्या घोळक्यावर अचानक लख्ख प्रकाश चमकला आणि काही मिनिटांत मावळला. त्यानंतर अठराएक तासांत पृथ्वीवर वादळ पोहोचले. क्यूबा आणि हवाईपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला, तारायंत्रे बिघडली. युरोपातल्या मोठ्या वेधशाळांची छायाचित्रणाची यंत्रे त्या तडाख्यात मोजपट्टीबाहेर गेली, म्हणजे वादळ किती मोठे होते हे त्यांच्या कागदावर उरलेच नाही. मुंबईत कुलाब्याला तेव्हा डोळ्यांनी वाचन चालू होते. एरवी तासाला एकदा घेतले जाणारे वाचन सुई चाळवल्याचे दिसताच निरीक्षकांनी काही-काही मिनिटांच्या अंतराने घ्यायला सुरुवात केली. २ सप्टेंबरच्या सकाळी क्षैतिज बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले, ते त्यांनी वहीत उतरवले. मुंबई चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळही नाही आणि ध्रुवांकडेही नाही, त्यामुळे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वादळी प्रवाहाचा परिणाम इथे पुष्कळसा निर्भेळ दिसतो. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर या आकड्यांवरून त्या वादळाची ताकद नव्याने काढली. आज सौरवादळाचा धोका किती मोठा असू शकतो हे जगात कुठेही सांगायचे झाले, की कुलाब्याच्या त्या वहीचा दाखला येतो. वाचन घेणारे मदतनीस कोण होते, हे बहुतेक लेखांत येत नाही. आपण ज्याला वारसा म्हणतो त्यात त्यांच्या डोळ्यांची जागरूकता मला पहिली वाटते.

मग हे काम मुंबईत का राहिले नाही? उत्तर ट्राममध्ये आहे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम धावत होती. १९०० च्या सुमारास ती विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या ट्रामला लागणारा एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी, प्रवाह रुळांतून परत जातो, आणि जाताना त्यातला काही भाग जमिनीत झिरपतो. तो किती आणि कुठून वाहील याचा नेम नसतो. प्रत्येक गाडी सुटली-थांबली की वेधशाळेतली सुई थरथरणार, आणि त्या थरथरीतून सूर्य आणि पृथ्वी वेगळे काढता येणार नाहीत. ही अडचण एकट्या मुंबईची नव्हती. टोरांटोची वेधशाळा याच कारणाने १८९८ मध्ये शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला गेली होती. लंडनजवळच्या क्यूचे चुंबकीय काम पुढे स्कॉटलंडच्या माळरानावर एस्कडेलम्यूरला गेले. पॅरिस, पोट्सडॅम, टोकियो, सगळीकडे हेच झाले. आधुनिक शहर आणि चुंबकाची सुई एका जागी नांदू शकत नाहीत, हे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सर्वांना कळून चुकले. शास्त्राने गाव गाठले ते तेव्हा.

मुंबईत हा निर्णय तडीस नेणारे गृहस्थ होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. एडिंबरोत शिकून आलेले मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. नव्या जागेसाठी अलिबागची निवड झाली. मुंबईपासून सरळ रेषेत साधारण ३० किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे जुन्या नोंदींशी नाते तुटू नये इतकी जवळ आणि शहराचा आवाज पोहोचू नये इतकी दूर. त्या काळी अलिबागला जायचे म्हणजे बोटीने रेवसला किंवा धरमतरच्या खाडीतून. रेल्वे नाही, गिरण्या नाहीत. जिल्ह्याचे मुख्य ठाणे असल्याने कचेऱ्या, टपाल, तारेची सोय मात्र होती. शांतता आणि सरकारी यंत्रणा दोन्ही एका जागी मिळणे अवघड असते. अलिबागला ती मिळाली.

आणि इथे मूस यांनी जे केले ते मला या सगळ्या कथेतले सर्वांत मोठे वाटते. १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाल्यावर त्यांनी कुलाब्याचे काम बंद केले नाही. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. पायलीने धान्य मोजत आलेल्या माणसाला मध्येच पायली बदलायची असेल, तर दोन्ही पायल्यांनी एकदा तेच धान्य मोजून बघावे लागते. नाही तर जुना हिशेब नव्याशी कधीच जुळत नाही. मूस यांनी ते केले. त्या दोन वर्षांच्या तुलनेमुळे कुलाब्याचा प्रत्येक जुना आकडा अलिबागच्या आकड्यांशी जोडून वाचता येतो. १८४१ ला सुरू झालेली आणि १८४६ पासून अखंड असलेली मालिका आजपर्यंत एकसंध आहे ती या दक्षतेमुळे. मुंबईची विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावू लागली आणि १९६४ मध्ये बंदही पडली. जिच्यामुळे घर सोडावे लागले ती ट्राम संपून गेली, पण अलिबागचे काम चालूच राहिले.

इमारतीची रचना या कामातूनच ठरली. मापनाच्या मुख्य इमारती दोन. एकीत चुंबकीय क्षेत्रातले चढउतार रात्रंदिवस नोंदणारी यंत्रे. दुसरीत ठरावीक काळाने हाताने, निरपेक्ष मोजमाप घेण्याची सोय. पहिलीतल्या यंत्रांचा काटा हळूहळू सरकतो, तो या मोजमापाने जागेवर आणायचा. पहिल्या इमारतीत तापमान जवळजवळ स्थिर राहील अशी बांधणी हवी होती, कारण चुंबकाची ताकद उष्णतेने बदलते. कोकणातला उन्हाळा, त्यामागून चार महिन्यांचा पाऊस, खारी हवा, या सगळ्यांना बाहेर ठेवून आत एकसारखी हवा राखायची, तीही लोखंडी सामान न वापरता. जुन्या पद्धतीत तिथे अंधार असे. टांगलेल्या चुंबकाला आरसा जोडलेला, त्यावर बारीक प्रकाशशलाका, आणि समोर घड्याळाच्या यंत्रावर सावकाश फिरणाऱ्या रुळावर प्रकाशसंवेदी कागद. चोवीस तासांनी कागद काढायचा, धुवायचा, वाळवायचा, त्यावरची रेघ तासातासाला मोजून आकडे लिहायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रविवार, दिवाळी, गणपती, काही असले तरी कागद बदलावाच लागे. मोजमाप घ्यायला जाणाऱ्याने अंगावरचे लोखंड बाहेर ठेवायचे. किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचे बक्कल. देवळात जाताना चपला काढतात तशी ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. आता फ्लक्सगेट आणि प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आले, आकडे संगणकात जातात, पण लोखंड बाहेर ठेवण्याचा नियम तसाच आहे.

वारसा म्हणून या वास्तूकडे बघताना या शिस्तीला मी भिंतींइतकेच महत्त्व देतो. वापर संपल्यावर जुन्या इमारती संग्रहालय होतात, उपाहारगृह होतात, आणि त्या वाचल्याचे समाधान आपण मानतो. इथे तसे समाधान मानता येणार नाही. इमारत जशीच्या तशी ठेवली आणि आतली मोजणी दुसरीकडे हलवली, तर मालिका तुटेल, आणि उरतील त्या पोरबंदरच्या दगडाच्या चार भिंती. ज्या कामासाठी ती बांधली ते काम त्याच जागी इतकी वर्षे चालू आहे, अशा सरकारी वास्तू आपल्याकडे किती सापडतील? कोर्टे हलली, तुरुंग हलले, खजिने बँकांत गेले. वेधशाळा हलली नाही, आणि तिला हलता येणारही नाही.

मूस यांनी या कामाचा ग्रंथही मागे ठेवला. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मुंबईच्या चुंबकीय निरीक्षणांची आणि त्यांच्या चर्चेची दोन जाड पुस्तके १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. आकड्यांच्या त्या रानात त्यांनी वाट काढली. अनेक वादळे एकमेकांवर ठेवून त्यांचा सर्वसाधारण आकार कसा असतो हे दाखवले. हे पुस्तक आजही अभ्यासक उघडतात. १९७१ मध्ये कुलाबा आणि अलिबागचा हा वारसा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आला. संस्थेचे मुख्यालय पुढे नवीन पनवेलला गेले. तिरुनेलवेलीपासून शिलाँगपर्यंत तिच्या वेधशाळा पसरल्या. अलिबागचे आकडे ‘एबीजी’ या संकेताने आंतरराष्ट्रीय जाळ्यात जातात. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकची वीज चुंबकीय वादळाने सुमारे ९ तास घालवली आणि ६० लाख माणसे अंधारात बसली. मे २०२४ मध्ये तसेच एक मोठे वादळ आले, तेव्हा लडाखच्या हानलेहून तांबड्या ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे निघाली. आज उपग्रह, विजेचे जाळे, विमानांचे मार्ग, हातातल्या फोनवरचा नकाशा, सगळे या वादळांच्या टप्प्यात आहे. किती मोठे वादळ येऊ शकते या प्रश्नाला दीर्घ मालिकाच उत्तर देऊ शकते, आणि अशी दीर्घ मालिका जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

मग तिचे रक्षण कसे करायचे? इथे आपले नेहमीचे कायदे थोडे अपुरे पडतात. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, अशी चौकट घातली. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमांनी इमारतींच्या श्रेणी ठरवल्या. या सगळ्यांमागची दृष्टी डोळ्यांची आहे: समोर उंच इमारत येऊ नये, दर्शनी भाग बदलू नये. वेधशाळेला दिसण्याचे भय नाही. तिच्या शेजारी तिच्याच शैलीतली, ठेंगणी, सुंदर इमारत उठली आणि तिच्या पायात सळया असल्या, तर वारशाचा नियम पाळला जाईल आणि वेधशाळा निकामी होईल. उलट मैलभर दूर, डोळ्यांना न दिसणारी, डीसी विजेवर धावणारी गाडी तिला कितीतरी जास्त त्रास देईल.

जपानने हे ओळखले आहे. टोकियोची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राममुळे १९१३ मध्ये काकिओका या खेड्यात गेली. तिच्याभोवतीच्या मोठ्या परिसरात रेल्वेला डीसी वीज वापरायला बंधन आहे. त्यामुळे टोकियोहून निघणारा जोबान लोहमार्ग तोरिदे स्थानकाच्या पुढे एसी विजेवर चालतो, आणि दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतील अशा महागड्या गाड्या तिथे वापराव्या लागतात. नवा त्सुकुबा एक्स्प्रेस मार्ग बांधला तेव्हाही तीच अट पाळली गेली. एका खेड्यातल्या सुईसाठी राजधानीची रेल्वे वळण घेते. तिथल्या लोकांना यात गैरसोय आणि खर्च दोन्ही सोसावे लागतात, आणि तरी ते सोसतात. काकिओका आणि अलिबाग यांचा जन्म एकाच कारणातून झाला. एकीला मिळालेले संरक्षण दुसरीलाही मिळावे, ही मागणी मला मुळीच अवास्तव वाटत नाही.

घाई करण्याचे कारणही आहे. मूस यांनी निवडलेले अलिबाग आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईकराला अलिबाग शनिवार-रविवारचे घर वाटू लागले आणि जमिनीचे भाव त्याप्रमाणे वाढले. यात कुणाचा दोष नाही. गावाला वाढायचा हक्क आहे आणि अलिबागकरांना रस्ते, दवाखाने, रोजगार हवेच आहेत. पण १९०४ मध्ये शहर मागे सोडून वेधशाळा गावी आली, तशी आता तिला पुढे कुठे जायला सांगायचे? पुन्हा दोन वर्षे दोन्हीकडे मोजणी करून मालिका जोडता येईल, हे खरे. तरी प्रत्येक सांध्यात थोडी खात्री कमी होते, आणि पश्चिम किनाऱ्यावर मुंबईजवळ शांत जागा आता उरली आहे कुठे?

या वारशाचा आणखी एक भाग कागदाचा आहे. कुलाब्याच्या हस्तलिखित वह्या, अलिबागचे प्रकाशसंवेदी कागद, छापील वार्षिके. प्रत्येक कागदावर एका दिवसाची रेघ आहे. दमट हवेत असे कागद पिवळे पडतात, चिकटतात, कुरतडले जातात. १८५९ च्या वादळाचा अर्थ २००३ मध्ये लागला, तो वह्या कुणीतरी १४४ वर्षे सांभाळल्या म्हणून. त्यांचे चित्रीकरण आणि अंकीकरण जितके लवकर आणि जितके पूर्ण होईल तितके बरे, आणि मूळ कागदही राखले पाहिजेत. उद्या नवी पद्धत आली तर ती मूळ रेघेकडेच परत जाईल.

अलिबागच्या नगररचनेत जे ठरवतात त्यांच्यापुढे, आणि अलिबागकरांपुढेही, हा प्रस्ताव मी ठेवतो. मागणी लहान आहे. शहराच्या पुढच्या विकास आराखड्याच्या नकाशावर वेधशाळेभोवती एक वर्तुळ आखलेले असावे. त्या वर्तुळात सळयांचे मोठे बांधकाम, रोहित्र, मनोरा, वाहनतळ यांपैकी काहीही येणार असेल, तर परवानगीच्या कागदावर सही होण्याआधी वेधशाळेचे मत लेखी मागवले जावे, आणि ते मत बंधनकारक असावे.